माइकची टोपी

१

माझ्या भाच्याचा आवाज सोमवारी संध्याकाळी चोरीला गेला आणि मंगळवारी सकाळी ते कळलं. हे वाक्य मला फार नाटकी वाटतं. खोडून पाहिलं, पण दुसरं सुचलं नाही, आणि झालं होतं ते असंच. म्हणून राहू देतो.

भाच्याला सगळे बोबड्या म्हणतात. लहानपणी त्याची जीभ इतकी जड होती की त्याचं बोलणं फक्त त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला कळायचं, आणि तिलाही बरंचसं अंदाजानेच. तोच मुलगा पुढे रॅप करू लागला. एका दमात एवढे शब्द की मी ते नुसते वाचायला घेतले तरी मध्ये पाणी प्यावं लागेल. वकील, मैना आणि ढोल अशा टोपणनावांच्या, वर्गातल्याच तिघांना घेऊन त्याने ‘चौकडी’ नावाचा गट काढला आणि चौकडी भलतीच गाजली. मी ज्या वाचनालयात जन्मभर नोकरी केली, तिथे कधी पुस्तक न मागणारी मुलं ‘बोबड्याचे मामा तुम्हीच का’ एवढंच विचारायला येऊ लागली. मी हो म्हणायचो आणि कपाटांच्या मागे जायचो.

गेल्या वर्षी बोबड्याने चौकडी सोडली. कोणीतरी लिहिलं होतं की चौकडीचे शब्द वकिलाचे, सूर मैनेचे, ठेका ढोलचा, बोबड्या म्हणजे नुसतं तोंड. ते त्याच्या जिव्हारी लागलं. वकिलाशी कडाक्याचं भांडण झालं आणि ‘एकटा करून दाखवतो’ म्हणून तो बाहेर पडला. मग वर्षभर स्वतः गाणी लिहिली आणि गच्चीवर उभा राहून घोकली. खाली माझ्या खोलीत ती ऐकू यायची. धो धो ओळी, मध्येच क्षणभर शांतता, पुन्हा धो धो ओळी. ताई म्हणायची, घास अडकल्यासारखा थांबतो. मला वाटायचं, विरामचिन्ह असेल. रॅपमधलं मला काय कळतं?

आठ गाण्यांचा अल्बम तयार झाला होता. वाद्यांचा भाग रेकॉर्डिस्टच्या संगणकात होता आणि बोबड्याचा आवाज काडेपेटीएवढ्या एका डिस्कवर. तिची दुसरी प्रत नव्हती. गाणी आधीच फुटतील या धास्तीने, प्रत काढायची नाही असं बोबड्यानेच बजावलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळं कंपनीला द्यायचं, नाहीतर करार रद्द. रविवारी सभागृहात पहिला एकट्याचा कार्यक्रम. आणि मंगळवारी सकाळी डिस्क जागेवर नव्हती.

बोबड्या माझ्या दारात उभा राहून हे सगळं जमिनीकडे बघत सांगत होता. चोर कोण ते त्याने ठरवून टाकलं होतं. चौकडीशिवाय दुसरं कोण असणार? शुक्रवारपर्यंत डिस्क आली नाही, तर रविवारी स्टेजवरून तो तिघांची नावं घेणार होता आणि सोमवारी पोलिसांत जाणार होता. एवढं सांगून तो गच्चीवर गेला. तिथे आज आवाज नव्हता.

ताई त्याच्यामागेच उभी होती. ती तिन्ही मुलं तिच्या स्वयंपाकघरात वाढली होती.

“एकदा माइकवरून नाव घेतलं की संपलं,” ती म्हणाली. “तो शब्द परत घेता येत नाही, आणि ती पोरं माझ्या दारात परत येत नाहीत. एवढ्या रहस्यकथा वाचल्यास, एकीचा तरी उपयोग होऊ दे.”

मला शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे, असं मी खरं ते सांगितलं.

“मग ही पहिल्यापासून वाच,” ती म्हणाली आणि माझी छत्री माझ्या हातात दिली. बाहेर लख्ख ऊन होतं.

२

रेकॉर्डिंगची खोली एका गादीच्या कारखान्यामागे होती. रेकॉर्डिस्टने कारखान्यातून उरलेले फोमचे तुकडे भिंतींना चिकटवले होते, त्यामुळे आत गेल्यावर कान भरल्यासारखं वाटायचं. रेकॉर्डिस्ट गोल अंगाचा, सतत चष्मा पुसणारा माणूस. तो माझ्यापेक्षाही घाबरलेला दिसला, त्यामुळे मला जरा धीर आला.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ली बाहेरच्या मीटरच्या पेटीत असायची आणि ते चौकडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी संध्याकाळी रेकॉर्डिस्टची आणि बोबड्याची थोडी बाचाबाची झाली होती. त्यानंतर रेकॉर्डिस्ट बायकोला तिच्या कामावरून आणायला गेला. बोबड्या एकटाच उरला आणि थोड्या वेळाने दार आपटून निघून गेला. सकाळी पाहतात तर यंत्रातली डिस्क गायब. संगणकातल्या वाद्यांना कोणी हातही लावलेला नव्हता.

बाचाबाची कशावरून, हे मी विचारलं. विचारताना माझीच जीभ जड झाली. रेकॉर्डिस्टने चष्मा पुसला. गाण्यांमध्ये काही जागा रिकाम्या वाटतात, तिथे काही वाजवायचं आहे का, असं त्याने विचारलं होतं. बोबड्या म्हणाला, ती माझी स्टाइल आहे, तुम्ही तुमची बटणं सांभाळा.

ते यंत्रही मी पाहिलं. जुनं, जड, पोलादी. रेकॉर्डिस्टचा त्याच्यावर फार जीव. आवाजाला याच्यासारखी ऊब कशात नाही, तो म्हणाला. फक्त एक होतं, हे यंत्र माफ करत नाही. जिथे बटण दाबाल तिथे नवा आवाज कायमचा बसतो, मागचं परत आणता येत नाही.

मग माझं लक्ष माइककडे गेलं. उंच दांड्यावरच्या त्या माइकला एक लहान मुलाची लोकरी टोपी घातलेली होती. निळी, वर पांढरा गोंडा. ती मी ओळखली. ताईने बोबड्या दोन वर्षांचा असताना विणली होती.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, ही चौकडीची पहिल्यापासूनची पद्धत. फोमचा भुगा उडतो, म्हणून शेवटी खोलीतून निघेल त्याने माइकला टोपी घालायची. तोही घालायचा. पण सोमवारी शेवटी निघाला बोबड्या. मी तिथूनच त्याला फोन केला.

“मी घातली नाही,” तो म्हणाला. “चौकडी सुटली तशी ती सवयही सोडली. उलट काल चिडून मी ती कोपऱ्यात भिरकावली. का?”

मी ‘काही नाही’ म्हणालो. बोबड्यानंतर या खोलीत जो आला होता, त्याने चोरी केली, आणि जाताना माइकला धूळ लागू नये म्हणून कोपऱ्यातली टोपी शोधून त्याला घातली.

मला बसावंसं वाटलं. समोरच दोरीने बांधलेला फोमचा एक गठ्ठा होता, त्यावर बसलो. माइक थेट तोंडासमोर आला. आपला खोकला रेकॉर्ड होईल अशी वेडगळ भीती वाटून मी मान वळवली. रेकॉर्डिस्ट मात्र माझ्याकडे पाहतच राहिला.

“हा दांडा एवढा खाली कोणी केला?” तो म्हणाला. “बोबड्या तर माझ्याहून हातभर उंच. मी हात लावलेला नाही, शप्पथ.”

म्हणजे चोराने माइक स्वतःच्या उंचीचा करून घेतला होता. नुसती डिस्क उचलायला आलेल्या माणसाला माइक कशाला हवा? तो इथे उभा राहून काय बोलत होता?

३

रहस्यकथांमधले गुप्तहेर संशयितांकडे बेधडक जातात. मी वकिलाच्या घराखाली दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीला त्यानेच गॅलरीतून हाक मारली.

वकील म्हणजे खरा वकील नव्हे. शाळेत शिक्षकांशी वाद घालायचा म्हणून ते नाव पडलं. तो ठेंगणा आहे, आणि मी मनातल्या मनात त्याची उंची माइकच्या दांड्याशी ताडून पाहत होतो. मांडीवर त्याची तान्ही मुलगी होती, तिला बाटलीने दूध पाजत तो सगळा वेळ बोबड्याला शिव्या देत होता, पण मुलीला झोप लागावी म्हणून अंगाईच्या सुरात. बोबड्या कृतघ्न, बोबड्या आगाऊ, बोबड्याने माझ्या शब्दांवर मोठं होऊन मलाच शहाणपण शिकवलं. चोरीचं सांगितल्यावर तो थांबला. मुलीच्या तोंडातली बाटली निसटली तेही त्याला कळलं नाही.

“टोपी त्याने आम्हाला घातली मामा, आम्ही त्याला नाही,” तो हळूच म्हणाला. “आणि मला गाणी चोरायचीच असती तर प्रत काढून नेली असती, पत्ताही लागला नसता. ते यंत्र मला झोपेतही चालवता येतं. डिस्क खिशात घालून पळतो तो एकतर फार हुशार, नाहीतर त्याला बटणंच कळत नाहीत.”

निघताना त्याने विचारलं, गाणी कशी झालीत. मी म्हणालो, मला कळत नाही, पण त्याची आई ऐकून रडली. तो म्हणाला, ती जाहिरातीलाही रडते. मग मुलीकडे बघत म्हणाला, चांगली झाली असतील.

वकील नव्हे, असं मला वाटलं. त्याचं बटणांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. शिवाय तो माइक नेहमी हातात घेऊन येरझाऱ्या घालत बोलतो, दांड्यापाशी तो दोन मिनिटंही उभा राहत नाही. उरली मैना, जी वकिलाहूनही बुटकी, आणि ढोल, जो दारातून वाकून आत येतो. माइक बरोबर मैनेच्या उंचीला होता. मैनेच्या घराचा जिना चढताना मला आयुष्यात पहिल्यांदा हुशार असल्यासारखं वाटलं.

मैनेने दार उघडलं. गळ्याला मफलर. मी नीट पाठ केलेला प्रश्न विचारला, सोमवारी संध्याकाळी तू त्या माइकवर काय गायलीस? तिने ओठांवर बोट ठेवलं, मग गळ्याकडे बोट दाखवलं, मग आतल्या खोलीकडे. आतून तिच्या सासूबाई ओरडून म्हणाल्या की डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही असं सांगितलंय, घसा सुजलाय, आणि घरात किती शांतता आहे ते काय सांगू.

माझी सगळी हुशारी तिथेच संपली. जिच्या तोंडून आवाजच निघत नाही ती माइक कशाला खाली करेल? मी माफी मागितली आणि चप्पल शोधू लागलो. मैनेने मला दंडाला धरून बसवलं. तिने हातवाऱ्यांनी काय झालं ते विचारलं, मी सांगितलं. फोमचा गठ्ठा, दांडा, टोपी. टोपीचं ऐकून तिचे डोळे भरले. मग ती एकदम सावध झाली, गठ्ठ्यावर बसल्याचं पुन्हा सांगायची खूण केली, आणि फोन काढून चौकडीच्या एका जुन्या कार्यक्रमाची चित्रफीत माझ्यासमोर धरली.

खरं सांगतो, भाच्याचा एकही कार्यक्रम मी तोपर्यंत पाहिला नव्हता. गर्दीत जीव घाबरतो. पुढे बोबड्या उभा होता, घामाने निथळत, शाळेवरचं एक गाणं म्हणत. ‘जीभ माझी जड, शब्द निघेना धड, हसला सगळा वर्ग, तरी उभा मी—’ आणि तो थांबला. त्या थांबण्यात खालून कुठून तरी एक जाड, प्रेमळ आवाज आला, ‘बोल.’ बोबड्या पुन्हा सुसाट सुटला, ‘बोललो तर बघ आता, थांबतच नाही मी.’

तो आवाज कुठून आला ते मैनेने बोटाने दाखवलं. बोबड्याच्या उजव्या पायाशी, एका उलट्या खोक्यावर, ढोल बसला होता. एवढा धिप्पाड माणूस जमिनीलगत मुटकुळं करून बसलेला, माइक त्याच्या तोंडासमोर खाली ओढलेला. हजारो माणसं समोर असताना त्याचं एकाकडेही लक्ष नव्हतं. तो एकटक बोबड्याच्या गुडघ्याकडे बघत होता.

मैनेने चित्रफीत मागे नेली आणि पुन्हा दाखवली. या वेळी मीही गुडघाच पाहिला. ओळ संपत आली की तो जरासा वाकायचा. बोबड्याचा श्वास संपायला आला की आधी त्याचा गुडघा वाकतो, हे जगात फक्त ढोलला माहीत होतं. तो वाकला की ढोल एक शब्द टाकायचा, तेवढ्यात बोबड्या श्वास भरून घ्यायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, हा श्वासच घेत नाही.

गच्चीवरच्या त्या शांततेचा अर्थ मला तिथे कळला, आणि गठ्ठ्यावर बसल्यावर माइक माझ्या तोंडासमोर का आला होता तोही. माइक बुटक्या माणसाने खाली केला नव्हता. बसलेल्या माणसाने केला होता.

४

ढोल अजूनही सकाळी वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. चौकडीचे मोठे फलक रस्त्यावर लागले तेव्हाही बसायचा. मी बुधवारी गेलो तेव्हा तो बुटक्या स्टुलावर बसून पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. मी समोर उभा राहिलो. माझ्या सायकलची साखळी पडते, असं काहीतरी मी बोलून गेलो.

“मामा, तुमच्याकडे सायकल कुठाय?” तो म्हणाला.

मग त्याने बुडबुडे निघत होते तिथे ट्यूबवर खूण केली. हात पुसून त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून डिस्क काढली. रुमालात गुंडाळलेली, आणि तो रुमाल पिशवीत.

त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत आठवतंय, कारण मध्ये मी एकदाही बोललो नाही.

“सोमवारी मी त्याला भेटायलाच गेलो होतो. वर्ष झालं मामा, पुरे झालं. तो दार आपटून जाताना दिसला, हाक मारायची हिंमत झाली नाही. म्हटलं आत जरा बसू. टोपी कोपऱ्यात पडलेली. ती उचलली. यंत्र चालूच होतं, म्हटलं ऐकू तरी काय केलंय पठ्ठ्याने. झकास केलंय हो. पण तो थांबतो. जिथे श्वास संपतो तिथे नेमका थांबतो, आणि पुढे जात नाही. ती जागा माझी आहे. गट सोडून गेला आणि माझी जागा मोकळी ठेवून गेला. आणि त्या गाढवाला हे माहीतच नाही.”

त्याने पहिल्या गाण्यात नुसता ‘बोल’ म्हणून पाहिलं होतं, स्वतःशीच. मग वाटलं, माइकवर कसं वाटेल. गठ्ठा ओढला, माइक खाली घेतला, बटण दाबलं. एक गाणं झालं, मग दुसरं. थांबवेना. शेवटचं गाणं तेवढं राहिलं, तेव्हा भानावर आला आणि आपला आवाज पुसायला गेला. पुसला जाईना. कुठलंही बटण दाबायला हात धजेना, न जाणो बोबड्याचाच आवाज पुसला जायचा.

“त्याने एकट्याने केलेलं काम, आणि मी सगळीकडे जाऊन बसलो. म्हटलं कुणाकडून तरी माझा आवाज काढून घेऊ आणि सकाळच्या आत ठेवून येऊ. दोघातिघांकडे गेलो, पण दारातून परत फिरलो. त्याची गाणी परक्याच्या हातात कशी देणार? तुम्हीच न्या मामा. फोमखाली सापडली म्हणा.”

मी डिस्क घेतली नाही. ऐकली की आवाज कोणाचा ते त्याला पहिल्याच गाण्यात कळणार होतं. आणि तुझ्या आवाजासकट कंपनीकडे गेली तर एकट्याचा अल्बम कसला? असं मी म्हणालो. मला वाटतं, आयुष्यात मी कुणाशी एवढं कठोर बोललो नव्हतो.

“आणि माझा आवाज काढून गेली, तर भोकं पडलेली गाणी जातील,” ढोल म्हणाला. “लोक हसतील. हा अजून आमची वाट बघतोय म्हणतील.”

दोन्हीकडून अडकलेलं होतं. त्यात आज बुधवार.

५

गुरुवारी दुपारी मी घरच्यांना त्या खोलीत बोलावलं. पुस्तकात असतं तसं करायचा बेत नव्हता, दुसरी बंद खोली माझ्या ओळखीची नव्हती, एवढंच. ताई आली, बोबड्या आला, रेकॉर्डिस्ट यंत्रापाशी. मी टोपीपासून सुरुवात केली, मग किल्ली, मग दांडा, मग गठ्ठा. मध्येच क्रम चुकला, परत मागे गेलो. वकिलाने स्वतःला निर्दोष कसं ठरवलं ते सांगितलं तेव्हा बोबड्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला, पण मी गुडघ्याचं सांगितलं तसा त्याचा चेहरा बंद होत गेला. मग मी दार उघडलं. बाहेर ढोल उभा होता, वाकून आत आला आणि डिस्क यंत्रावर ठेवून भिंतीला टेकला.

“म्हणजे माझ्या गाण्यांत घुसलास,” बोबड्या म्हणाला. आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त भीती वाटली. “एक गोष्ट माझी एकट्याची होती. त्यातही घुसलास.”

ढोल रिकाम्या रुमालाची घडी घालू लागला.

“रविवारी मी फक्त तुझं नाव घेईन. बाकीच्या दोघांचं काही नाही.”

“घे,” ढोल म्हणाला. “माझं म्हणणं नाही.”

“आधी ऐक,” ताई म्हणाली. ती माझ्याशी बोलते तसंच मुलाशीही बोलते, वाद घालायची सोय नसते. “नाव नंतर घे. रविवार कुठे पळून जातोय?”

रेकॉर्डिस्टने पहिलं गाणं लावलं. बोबड्या हाताची घडी घालून उभा होता. पहिली ओळ संपली आणि ढोलचा ‘बोल’. बोबड्याने त्यावर भुवईसुद्धा हलवली नाही. दुसरं गाणं, तिसरं. त्याला त्यात काही वेगळं जाणवतच नसल्यासारखा तो ऐकत राहिला. गाणी त्याच्या डोक्यात पहिल्यापासून तशीच होती.

“शेवटचं लावा,” मी म्हणालो. “तिथे ढोल पोचला नव्हता.”

ते गाणं ताईवर होतं. ती घरात असताना त्याने ते गच्चीवर कधी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तिला माहीत नव्हतं. त्यात तिच्या हातच्या विणकामाचं होतं, न कळणारं बोलणं ओळखण्याचं होतं. बोबड्याचा आवाज धावत आला आणि एका ओळीच्या टोकाशी थांबला. खोलीत काहीच नव्हतं. फोमच्या भिंतींनी ती शांतता आणखीच घट्ट केली. पुढची ओळ आली, ती संपली, पुन्हा तेच काहीच नाही. माझं लक्ष खाली होतं. बोबड्याचा गुडघा वाकला होता.

“थांबवा,” तो म्हणाला. मग, “इथे काहीच नाहीये.”

“तेच तर विचारत होतो मी,” रेकॉर्डिस्ट पुटपुटला.

“मला ऐकू यायचं,” बोबड्या म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. “रोज गच्चीवर. प्रत्येक ओळीनंतर. मला वाटायचं ते गाण्यातच आहे.”

ताई डोळे पुसत होती, गाण्यासाठी की कशासाठी कोण जाणे. ढोलने भिंतीवरच्या फोमचा तुकडा कुरतडायला घेतला होता, रेकॉर्डिस्टने त्याच्या हातावर चापट मारली.

बोबड्या दोन पावलं त्याच्याकडे गेला. मला वाटलं आता हात उगारणार.

“अल्बम एकट्याचाच होणार,” तो म्हणाला.

“मग करायचाच एकट्याचा. मी कुठे नाही म्हणतोय?”

“उद्या संध्याकाळपर्यंत आठही परत म्हणायची. न थांबता.”

“जमेल तुला.”

“जमेल काय,” बोबड्या चिडून म्हणाला, आणि पहिल्यांदा त्याचा आवाज फाटला. “मी एकट्याने कधी श्वासच घेतलेला नाही. तू घेऊ दिलास कधी? कुठे घ्यायचा ते दाखव आता.”

ढोलने फोमचा गठ्ठा पायाने पुढे ओढला, माइकपासून लांब, आणि त्यावर बसला. डोळे बोबड्याच्या गुडघ्यावर. रेकॉर्डिस्टने यंत्रात कोरी डिस्क घातली. बोबड्याने माइकची टोपी काढली, दांडा आपल्या उंचीला नेला. त्याचा श्वास संपायच्या दोन शब्द आधी ढोल एक बोट वर करायचा. तोंडाने अवाक्षर नाही. पहिल्या वेळी बोबड्या अडखळला, दुसऱ्या वेळी शिवी हासडली. तासाभराने मला त्या दोघांकडे बघवेना, इतकं चांगलं चाललं होतं. मी आणि ताई बाहेर कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो. ती म्हणाली, छत्री आणलीस ना. मी म्हणालो, हो.

६

शुक्रवारी सगळं वेळेत गेलं. रविवारी मी सभागृहात गेलो, पुढच्या रांगेत, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला ढोल, त्याच्या पलीकडे मैना. वकील पाठीमागे कुठेतरी मुलीला घेऊन उभा होता, आपण आलोच नाही असं दाखवत.

बोबड्याने कोणाचंही नाव घेतलं नाही. तिसऱ्या गाण्यात एका जागी त्याचा गुडघा वाकला आणि तो थांबला. सगळं सभागृह थांबलं. माझ्या शेजारी ढोलने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं, कान लाल झाले. मग कर्ण्यांमधून एक मोठा, उघडा, ओबडधोबड श्वास ऐकू आला, आणि बोबड्या पुढे निघाला.

कार्यक्रमानंतर तो आमच्याकडे आला तो थेट ढोलसमोर.

“तिसऱ्यात उशिरा घेतलास,” ढोल म्हणाला.

“कळलं मला.”

“लोकांना नाही कळलं.”

“लोक गेले खड्ड्यात. मैने, बोलायचं नाहीये तुला, हसतेस कशाला? आणि वकील कुठाय? दिसला मला तो.”

सगळे वकिलाला शोधायला गेले. बोबड्या दारातून मागे फिरला, स्टेजवर चढला, खिशातून निळी टोपी काढून माइकला घातली आणि मग धावत त्यांच्यामागे गेला.

ती जुनी डिस्क ताईने मागून घेतली. रेकॉर्डिस्टने तिला एका साध्या प्लेयरवर लागेल अशी करून दिली. बोबड्याला सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. दुपारी घरात कोणी नसलं की ती भांडी घासताना लावते. मी माझ्या खोलीत पुस्तक उघडून बसतो आणि एकही ओळ वाचत नाही. स्वयंपाकघरातून बोबड्या धावत येतो, दम लागेपर्यंत, मग तो थांबतो, आणि ढोलच्या आधी ताई म्हणते, “बोल.”